व्हिया जुलियावरचं नसलेलं घर

फसवणूक म्हटलं की आपल्याला स्वस्ताचं आमिष आठवतं. सुट्टीसाठी रोममध्ये भाड्यानं घर घेताना आमची फसवणूक झाली, तेव्हा स्वस्त काहीच नव्हतं. रोमच्या जुन्या भागात, टेरेस असलेल्या तीन बेडरूमच्या घराला एका रात्रीचे सहाशे-सातशे युरो पडतात, आणि आम्हालाही तोच भाव सांगितला गेला. शिवाय २०२५ हे कॅथलिक ज्युबिलीचं वर्ष. जगभरातून यात्रेकरू रोमला येत होते, चांगली हॉटेलं महिनोन् महिने आधी भरत होती. पूर्ण भाव सांगणाऱ्या माणसाचा संशय येत नाही. आम्हाला फसवणाऱ्या टोळीनं नेमकं हेच ओळखलेलं होतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. रोमन फोरमचे, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे, नकाशे फळ्यावर काढले, पण ती जागा कधी पाहिली नव्हती. दादा जर्मनीत, मी पुण्यात. दोघांनी मिळून ठरवलं की या वेळी काटकसर नाही, त्यांना राजेशाही थाटात राहू द्यायचं.

भाड्याची घरं दाखवणाऱ्या एका नावाजलेल्या साइटवर ते घर दिसलं. पत्ता व्हिया जुलियावरचा. पोप दुसरा ज्युलियस यानं १५०८च्या सुमारास वास्तुकार ब्रामांतेकडून आखून घेतलेला हा सरळसोट रस्ता, फार्नेझे राजवाड्याच्या मागून जाणारा. बाबा तर पत्त्यावरच खूश. चौकशी केल्यावर एका बाईचं उत्तर आलं की कॅलेंडरमध्ये तारखा बंद दिसतात, पण घर मोकळं आहे, पुढचं आमच्या अतिथी सेवेशी व्हॉट्सअॅपवर बोला.

इथून पुढे आम्ही त्या साइटच्या नियमांच्या बाहेर गेलो. साइटवरून पैसे भरले असते तर घर न मिळाल्यास दाद मागता आली असती. व्हॉट्सअॅपवर फक्त ती बाई होती. पण तिचं बोलणं इतकं आपुलकीचं! बाबांचा गुडघा दुखतो असं कळल्यावर तिनं लिफ्टचा फोटो पाठवला आणि पायऱ्या किती चढाव्या लागतील तेही सांगितलं. आई अंडं खात नाही म्हटल्यावर बिनअंड्याचा केक मिळणाऱ्या बेकरीत चौकशी करते म्हणाली. विमानतळावर गाडी येईल, ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा असेल, असंही कळवलं. पैशांपेक्षा याचाच राग मला अजून येतो. माझ्या आईच्या पथ्यपाण्याचा तिनं हत्यारासारखा वापर केला.

मग करारनामा आला. मालकाच्या पासपोर्टची प्रत, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. पूर्ण भाडं, परत मिळणारी अनामत आणि कोलोसियमची खास सहल मिळून तीन हजार दोनशे युरो, म्हणजे जवळपास सव्वातीन लाख रुपये. कार्ड चालणार नाही, बँक ट्रान्स्फरच करा, असं सांगितलं. कार्डानं भरलं तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागण्याची वाट असते, ट्रान्स्फरला ती जवळजवळ नसते. दादानं जर्मनीतल्या खात्यातून तत्काळ ट्रान्स्फर केली. युरोपात अशी रक्कम दहा सेकंदांत पोचते, आणि तितक्याच वेगानं पुढे सरकवता येते.

आता दोन खुणा सांगते. त्या तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पहिली खूण आयबॅनची, म्हणजे युरोपातल्या बँक खात्याच्या क्रमांकाची. त्याची पहिली दोन अक्षरं देश सांगतात. इटलीतल्या खात्याचा क्रमांक आय-टी या अक्षरांनी सुरू होतो आणि एकूण सत्तावीस अक्षर-अंकांचा असतो. आम्हाला दिलेला क्रमांक एल-टीनं सुरू होत होता, म्हणजे खातं लिथुआनियातलं. परदेशी पाहुण्यांसाठी कंपनीचं वेगळं खातं आहे, असं कारण बाईनं दिलं. दुसऱ्या देशात खातं असणं हा गुन्हा नाही, हे खरंच. पण घर रोमचं, मालक रोमचा आणि पैसे लिथुआनियात, हे दिसलं की तिथेच थांबा. ९ ऑक्टोबर २०२५पासून युरो चलन वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि खातं जुळतं का हे ग्राहकाला दाखवावं लागतं. आमचे पैसे त्याआधीच गेले होते. तुमच्या नातेवाइकांना बँकेनं ‘नाव जुळत नाही’ असं दाखवलं, तर समोरच्याच्या खुलाशाची वाट न पाहता व्यवहार सोडून द्यायला सांगा.

दुसरी खूण सरकारी नोंदणीची. १ जानेवारी २०२५पासून इटलीत पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय क्रमांक लागतो. तो जाहिरातीत छापावा लागतो आणि इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. रोम शहरातल्या घरांचा क्रमांक आय-टी या अक्षरांनी आणि त्यापुढे ०५८०९१ या अंकांनी सुरू होतो. आमच्या घराच्या जाहिरातीत तो नव्हताच. क्रमांक ‘प्रक्रियेत आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्या घराचा विचार सोडा.

व्हिसाबद्दलही सांगायला हवं. मुंबईतून इटलीचा व्हिसा काढताना राहण्याच्या जागेचा पुरावा म्हणून हाच करारनामा जोडला होता आणि व्हिसा मिळाला. कागद वकिलातीच्या हाताखालून गेला, म्हणजे घर खरं असणार, असं घरात सगळ्यांना वाटलं. व्हिसा मिळणं म्हणजे घराची खातरजमा नव्हे.

फ्युमिचिनो विमानतळावर पाटी घेऊन कुणीच उभं नव्हतं. बाईचा फोन बंद. आम्ही रांगेतली पांढरी टॅक्सी घेतली. प्राचीन रोमभोवतीच्या ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या भागात जायला महापालिकेनं ठरवलेले पंचावन्न युरो, ड्रायव्हरनं तेवढेच घेतले. व्हिया जुलियावर दिलेल्या क्रमांकाची इमारत होती, पण बेलच्या पाट्यांवर करारनाम्यातलं नाव नव्हतं. ड्रायव्हरनंच बेल वाजवली. वरून एक आजी उतरल्या. त्यांचं बोलणं त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्हाला सांगितलं: इथे असं घर नाही, उन्हाळ्यात आणखी काही कुटुंबं बॅगा घेऊन याच दारात उभी राहिली होती. आई फुटपाथवर बॅगेवर बसली होती. बाबा तिला म्हणाले, “रस्ता तरी पाहिला ना गं.” तेव्हा माझ्यानं बघवलं नाही.

कोलोसियमची तिकिटंही खोटी निघाली. ऑक्टोबर २०२३पासून तिथली तिकिटं नावानिशी निघतात आणि दारावर ओळखपत्र पाहतात. आमच्या पीडीएफवर कुणाचंच नाव नव्हतं. अधिकृत साइटवर साधं तिकीट अठरा युरोंचं असतं आणि भेटीच्या तीस दिवस आधी विक्रीला येतं. ते चटकन संपतं, म्हणून मधल्या दलालांचं फावतं. एप्रिल २०२५मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं तिकिटांच्या साठेबाजीवरून संबंधित कंपन्यांना मिळून जवळपास दोन कोटी युरोंचा दंड ठोठावला होता, इतका हा धंदा मोठा आहे. आम्ही बाबांना बाहेरूनच कमानी दाखवल्या, आणि फोरम त्यांनी कॅपिटोलिन टेकडीवरून पाहिला.

रोमच्या पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि तिची प्रत दिली. ती जरूर घ्या, बँक आणि विमा कंपनी दोघंही मागतात. भारतातल्या खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. पहिले काही तासच हाती असतात. दादाच्या बँकेनं रक्कम परत मागवली, पण ते खातं रिकामं होतं.

साइटनं जाहिरात काढली. पण परवा तोच टेरेस मला दुसऱ्या एका साइटवर दिसला: हिरव्या फरशा, लिंबाच्या दोन कुंड्या, पांढऱ्या लोखंडी खुर्च्या. आता घर अथेन्समध्ये, अक्रोपोलिसजवळ आहे म्हणे, आणि मागे दिसणारा रोममधल्या सेंट पीटर चर्चचा घुमट फोटोतून कापलेला आहे. ग्रीसमध्येही अशा घराच्या जाहिरातीत ए-एम-ए हा नोंदणी क्रमांक लागतो. या जाहिरातीत तो नाही. मी तक्रार केली आहे, पण हे लिहीपर्यंत जाहिरात तशीच आहे आणि पुढच्या सुट्ट्यांच्या तारखा उपलब्ध दाखवते आहे. हे फोटो कुणी पाठवले, तर उत्तर देऊ नका, साइटकडे तक्रार करा.