रिव्हेट की राळ?

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांचे दोन पंथ: एक पत्र्याचा, दुसरा फायबरचा. व्हॅन्स या कंपनीच्या आरव्ही विमानांच्या मालिकेत ॲल्युमिनियमचे पत्रे भोकं पाडूनच येतात. क्लेकोने, म्हणजे भोकात बसणाऱ्या स्प्रिंगच्या चापाने, तात्पुरते जोडायचे आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, ठोकायचे. एखादा वाकडा बसला तर ड्रिलने काढायचा, दुसरा मारायचा. हजारो रिव्हेट, कान किटतात. पण चूक डोळ्यांना दिसते आणि दुरुस्तही होते.

दुसऱ्या पंथाचं विमान म्हणजे विमानरचनाकार बर्ट रुटानची लाँग-ईझी. तिच्या बांधणीचे नकाशे १९८५नंतर विकले गेले नाहीत, तरी नकाशांच्या जुन्या संचांवरून लोक अजून बांधतात. तापलेल्या तारेने फोम कापायचा, वर फायबरग्लास (काचतंतूंचं कापड) आणि इपॉक्सी या राळेचे थर. इथे साचा नाही, पण सुधारायला उसंतही नाही. मिश्रण चुकलं किंवा थंडी पडली की थर नीट धरत नाही. मग घासकाम, आणि अंगभर खाज! उन्हात राळ मऊ पडू नये म्हणून रंग बहुधा पांढराच.

देखभालीत पत्र्याचा गंज दिसतो. फायबरचा सुटलेला थर नाण्याने टकटक करून ऐकावा लागतो.

उडवताना मात्र लाँग-ईझी थोड्या इंधनात लांब जाते. आरव्हीला छोटी धावपट्टी पुरते. माझं मत आरव्हीला. रिकामी लाँग-ईझी नाक टेकवून उभी असते, ती बघायला मला फार आवडते, एवढंच.