‘प्रेव्हलन्ट’साठी कोणता शब्दकोश उघडावा?

शब्दकोश पारखायला जडजंबाल शब्द लागत नाही, ‘प्रेव्हलन्ट’ पुरतो. इंग्रजी-मराठी अ‍ॅप बहुधा त्याच्यापुढे ‘प्रचलित’ लिहून मोकळी होतात. प्रथा, पद्धत, समजूत यांना तो शब्द चपखल बसतो. पण आजारांविषयीच्या मजकुरातही ‘प्रेव्हलन्ट’ सतत भेटतो, आणि ‘मधुमेह प्रचलित आहे’ असं मराठीत कोणी म्हणत नाही. तिथे ‘प्रमाण जास्त आहे’ किंवा ‘सर्रास आढळतो’ हवं. एकाच प्रतिशब्दावर विसंबलेलं भाषांतर इथेच फसतं.

लिहिणाऱ्याने लाँगमनचा ‘डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश’ घ्यावा. पहिली आवृत्ती १९७८ची. व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवलेल्या. ‘प्रेव्हलन्ट’चा अर्थ सांगताना तो काळ, जागा आणि गट या तिन्ही गोष्टी धरतो. शिवाय पुढे ‘इन’ येतो की ‘अमंग’ हेही दाखवतो. जागेसाठी ‘इन’, माणसांच्या गटासाठी बहुधा ‘अमंग’: ‘डायबिटीज इज मोर प्रेव्हलन्ट अमंग ओल्डर पीपल’. वाक्य अडतं ते नेमकं या जोडाशी, म्हणून ही सोय लाखमोलाची.

कॉलिन्सचा ‘कोबिल्ड’ हा शब्दकोश (१९८७) अर्थ पूर्ण वाक्यात सांगतो. वाचायला जरा वेळ जातो, पण हा शब्द स्थिती, प्रथा, समजूत अशा गोष्टींना लागतो, एखाद्या माणसाला नाही, हे त्या वाक्यातूनच कळतं. वाचनासाठी आम्ही तोच सुचवू.

दोन्हींच्या ऑनलाइन आवृत्तीत उच्चार ऐकता येतो. तो जरूर ऐका. जोर पहिल्या अवयवावर आहे: ‘प्रे’. ‘प्रिव्हेल’ या क्रियापदात तो दुसऱ्यावर जातो, म्हणून त्याच्या चालीवर ‘प्रिव्हेलन्ट’ म्हटलं जातं. ते चूक.

समानार्थी शब्दांच्या यादीवर मात्र डोळे झाकून भरवसा नको, मग ती कोणाचीही असो. ‘रॅम्पन्ट’ म्हणजे बोकाळलेलं, हाताबाहेर गेलेलं. ते बहुधा वाईट गोष्टींनाच लागतं. ‘युबिक्विटस’ म्हणजे जिथे पाहावं तिथे असणारं. ‘वाइडस्प्रेड’मध्ये भर पसाऱ्यावर. आणि वाऱ्यांना ‘प्रिव्हेलिंग विंड्स’च म्हणतात, तिथे ‘प्रेव्हलन्ट’ चालत नाही.

आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी ‘प्रेव्हलन्स’ हे नामही त्याच बैठकीत पाहून घ्यावं. ठरावीक वेळी लोकसंख्येत असलेल्या जुन्या-नव्या सगळ्या रुग्णांचं प्रमाण म्हणजे ‘प्रेव्हलन्स’. ठरावीक काळात नव्याने झालेले रुग्ण मोजायचे तर ‘इन्सिडन्स’.