विद्यापीठातलं अल्ट्रासेंट्रिफ्यूज केंद्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं प्रोटीन जेल फिल्ट्रेशनच्या (रेणू आकारमानानुसार वेगळे करण्याच्या) कॉलममधून टेट्रामरच्या, म्हणजे चौघांच्या जोडाच्या, जागी बाहेर यायचं, आणि क्रॉसलिंकिंग (शेजारचे रेणू रसायनाने बांधून पाहणं) मात्र डायमर, म्हणजे दोघांचाच जोड, दाखवायचं. लांबुडकं प्रोटीन कॉलममध्ये असंच फसवतं, आहे त्यापेक्षा मोठं भासतं. शेवटी विद्यापीठाच्या अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज केंद्रात नाव नोंदवलं. तेव्हापासून आमची सॅम्पल्स नियमित तिथे जातायत. मशीन बहुतेक ठिकाणी बेकमन कंपनीचंच असतं, त्यामुळे लिहिण्यासारखं आहे ते केंद्राच्या कारभाराबद्दल.

तत्त्व सोपं आहे. सॅम्पल मिनिटाला 40-50 हजार फेऱ्यांनी फिरवायचं आणि फिरत असतानाच त्यातून प्रकाश सोडून रेणू किती वेगाने तळाकडे सरकतायत ते पाहायचं. लेबल लागत नाही, ज्याला चिकटून बसावं असा कॉलमही मध्ये नसतो. स्वेडबर्ग यांनी 1920च्या दशकात हे उपकरण उभं केलं. सरकण्याचा वेग आणि फिरण्यातून येणारं त्वरण यांच्या गुणोत्तराचं त्यांच्या नावाचं एकक आजही चालतं, 1 एस म्हणजे 10⁻¹³ सेकंद. पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमचे 50एस आणि 30एस हे भाग मिळून 80 न होता 70एस का होतात (हा आकडा वजनासोबत आकारावरही ठरतो) हे ज्याला उमगलं, त्याला निम्मं सेडिमेंटेशन, म्हणजे हे तळाकडे सरकणं, कळलं असं मी समजतो.

केंद्राची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे तिथल्या ऑपरेटर मॅडम आणि त्यांचा चिकित्सक फॉर्म. बफरमधला (प्रोटीन ज्यात विरघळलेलं असतं त्या द्रावातला) प्रत्येक घटक लिहावा लागतो. डीटीटी (प्रोटीनचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) असेल तर सॅम्पल परत येतं, कारण ते ऑक्सिडाइझ झालं की 280 नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषायला लागतं. त्याऐवजी तेच काम करणारं टीसेप वापरा म्हणतात. ग्लिसरॉल शक्यतो नको, मीठ थोडं तरी हवंच, नाहीतर भारित रेणू एकमेकांना ढकलतात आणि एसचा आकडा खाली येतो. प्रकाशाचं शोषण 0.1 ते 1च्या दरम्यान हवं. इंटरफेरन्सने (शोषणाऐवजी अपवर्तनातल्या फरकावरून) मोजायचं असेल तर सॅम्पल ज्यात डायलिसिसने मुरवलं तोच बफर बाटलीत भरून द्यायचा. ‘तसाच बनवलेला’ चालत नाही. सुरुवातीला हा जाच वाटतो. पण सेलमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या डबीत, 400 मायक्रोलिटर प्रोटीन ओतून रात्रभराचा रन फुकट घालवण्यापेक्षा बरा.

सेल त्या स्वतःच जोडतात, टॉर्क रेंचने आवळून. खिडकीवर ओरखडा असला किंवा गॅस्केट नीट बसलं नसलं, तर निर्वातात सेल गळतो आणि रात्रीत द्रव गायब होतो. आमचा एकही गळला नाही. रोटर आत गेल्यावर व्हॅक्यूम आणि 20 अंश तापमान स्थिरावेपर्यंत तास-दीड तास थांबतात, मगच वेग देतात. काही ठिकाणी ही वाट टाळतात आणि सेलमध्ये संवहन (तापमानाच्या फरकाने द्रवात प्रवाह) सुरू होतं.

तपमापकाची पडताळणीही इथे वेळच्या वेळी होते. 2015 साली 67 प्रयोगशाळांनी एकच बीएसए (गाईच्या रक्तातलं, तुलनेसाठी वापरतात ते प्रोटीन) मोजलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोनोमरचे (सुट्या रेणूचे) आकडे 3.7पासून 4.9 एसपर्यंत पसरले होते. तापमान, वेळ आणि त्रिज्येच्या दुरुस्त्या केल्यावर सगळे 4.3च्या आसपास गोळा झाले. म्हणून कुठल्याही केंद्रात आधी त्यांचा बीएसएचा आकडा विचारावा. सांगता आला नाही तर दुसरं केंद्र बघा.

आमचं उत्तर मिळालं. कमी कॉन्सन्ट्रेशनला डायमर, तोही लांबट, घर्षण गुणोत्तर (आदर्श गोलाला 1, लांबट झालं की वाढतं) 1.6च्या घरात. कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की एस-वितरणाच्या आलेखात वेगळं शिखर उगवत नाही, आहे तेच उजवीकडे सरकतं. म्हणजे डायमर आणि टेट्रामर यांची झटपट अदलाबदल चालू असते. कॉलम आणि क्रॉसलिंकिंग दोघंही अर्धवट खरं बोलत होते.

आता तक्रारी. पैसे रनमागे घेतात. आठ होलच्या रोटरमध्ये एक काउंटरबॅलन्सला (तोल साधण्याच्या वजनाला) जातो, उरलेले सात भरले तरच परवडतं. रन वाटून घ्यायचा तर वेग आणि तापमान दोघांचं जुळायला हवं. अलीकडे जीन थेरपीवाल्यांची एएव्ही कॅप्सिड्स (जनुक वाहून नेणारी विषाणूची कवचं) खूप येतात. रिकामं 64 एसच्या आसपास, भरलेलं 100च्या आसपास. त्यांना वेग बराच कमी लागतो, त्यामुळे त्यांच्याबरोबर आमचं जमत नाही आणि रांग लांबतच जाते.

दुसरी तक्रार मोठी आहे. हातात पडतात त्या शेकडो स्कॅनच्या कच्च्या फायली. विश्लेषण तुमचं तुम्ही. सेडफिट हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण मेनिस्कस (द्रवाची वरची कड) कुठे धरायचा, रेझोल्यूशन किती ठेवायचं, हे कुणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय उमजत नाही. आणि फिट देखणा दिसला म्हणून वितरणातलं प्रत्येक बारीक शिखर खरं मानायचं नसतं, रेसिड्युअल (मोजमाप आणि फिट यांतले फरक) बघायचे. यासाठी केंद्राने एक कार्यशाळा ठेवली होती. ती सगळी थिअरीत, लॅम समीकरणावर (सेडिमेंटेशनच्या मूळ गणितावर) संपली. कीबोर्डला कुणाचा हात लागला नाही.

इक्विलिब्रियम रन (रेणूंचं तळाकडे जाणं आणि परत पसरणं यांचा तोल होईपर्यंत फिरवणं) हवा असेल तर आधीच सांगून ठेवा. त्यात मशीन कित्येक दिवस अडकतं, म्हणून तारखा फक्त लांब सुट्ट्यांमध्येच देतात आणि त्या लवकर भरतात.