डबा की बांगडा?

मालवणात संध्याकाळी बॅगवर ठोसे मारून घरी आलो की हाच प्रश्न. डब्यातली व्हे प्रोटीनची (दुधातल्या प्रथिनांची) ३० ग्रॅम पावडर पाण्यात हलवली की साधारण २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, काटे नाहीत की वास नाही. तेवढ्यासाठी बांगड्याचं मांस सव्वाशे ग्रॅम लागतं. पण त्यात ओमेगा-३ ही उपयुक्त चरबी आली, आणि तव्यावरची ती तिरफळाची चव कुठल्या डब्यात आहे?

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद, तेव्हा डबा जिंकतो. अर्थात दमट हवेत झाकण सैल राहिलं की पावडरीचे गोळे होतात. आई म्हणते, "त्यापेक्षा कुळथाची पिठी खा रे!"

क्रिएटिन वेगळं; ते प्रथिन नव्हे, स्नायूंना जोराच्या कामात ऊर्जा पुरवणारी पावडर. वजनं उचलणाऱ्याला रोज ३ ते ५ ग्रॅम उपयोगी. बॉक्सरला मात्र स्नायूंत साठलेलं पाणी वजनगटाबाहेर ढकलू शकतं.