पीएचडीचा गाईड ठरवताना कुठे बघायचं: गूगल स्कॉलर, स्कोपस की पबमेड?

दोन गाईडपैकी एक निवडायचा असला की बहुतेक विद्यार्थी गूगल स्कॉलर उघडतात, दोघांचा एच-इंडेक्स बघतात आणि ज्याचा आकडा मोठा त्याला मेल टाकतात. बायोमेडिकल लॅबमध्ये आयुष्याची चार-पाच वर्षं घालवायची असतील, तर एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आधी आकडा समजून घेऊ. सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात एखाद्या पेपरचा दिलेला संदर्भ. निदान तितकी सायटेशन्स मिळालेले पेपर जितके, तितका एच-इंडेक्स. एच-इंडेक्स 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. समजा, एखाद्याच्या पाच पेपरना 40, 12, 9, 5 आणि 3 सायटेशन्स आहेत. निदान चार सायटेशन्स मिळालेले पेपर चार, म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरला 40 च्या जागी 4000 मिळाली तरी तो 4 च राहतो. शिवाय तो वयाबरोबर चढत जातो, त्यामुळे निवृत्तीला आलेले प्राध्यापक आणि सहा वर्षांपूर्वी लॅब सुरू केलेली मॅडम यांची त्यावरून तुलना करणं अन्यायाचं आहे.

गूगल स्कॉलर फुकट आहे आणि त्याची झेप सगळ्यात मोठी. प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले पेपर), पुस्तकं, परिषदांचे पेपर असं सगळं त्यात येतं, म्हणून आकडाही बहुधा तिथेच सर्वांत मोठा दिसतो. पण गाळणी जवळजवळ नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सिरिल लाबे यांनी 2010 मध्ये संगणकाने रचलेले निरर्थक पेपर चढवून आइक अंतकारे नावाचा संशोधकच उभा केला आणि त्याचा एच-इंडेक्स 94 वर नेऊन दाखवला.

एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीचं स्कोपस 2004 पासून आहे. त्यात निवडलेली जर्नल्स असतात आणि लेखकाचं प्रोफाइल मुख्यतः यंत्र जुळवतं. वर्गणी नसली तरी एच-इंडेक्स बघता येतो. अडचण येते ती आपल्या नावांची. एका पेपरवर ‘एस. आर. कुलकर्णी’, दुसऱ्यावर ‘सुनीता कुलकर्णी’, लग्नानंतर तिसरंच आडनाव. मग एकाच बाईंची दोन-तीन प्रोफाइल होतात आणि प्रत्येकात आकडा अर्धामुर्धा. ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तोच धरून शोधा. वेब ऑफ सायन्स हेही स्कोपससारखंच, यूजीन गारफील्ड यांच्या 1964 च्या सायन्स सायटेशन इंडेक्सच्या परंपरेतलं; निवड कडक, पण कॉलेजची वर्गणी लागते. ती नसेल तर हळहळू नका. फक्त एकाचा आकडा स्कोपसचा आणि दुसऱ्याचा गूगलचा, असं कधीही करू नका. आकडेच ताडून बघायचे असतील तर मी स्कोपसवर बघेन.

निवड मात्र मी पबमेडवर, म्हणजे बायोमेडिकल पेपरच्या मोफत यादीवर करेन. ते एच-इंडेक्स देतच नाही, पण विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट तिथे उघड दिसते. बायोमेडिकल पेपरात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम केलेल्या विद्यार्थ्याचं असतं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये शेवटचा लेखक म्हणून गाईडचं नाव टाका. आलेली यादी वरून खाली वाचत जा आणि पहिली नावं वहीत उतरवा. दरवर्षी नवी नावं पुढे येताहेत का? की दहा वर्षं तीच दोन माणसं? मग ‘शेवटचा लेखक’ ही अट काढून नुसतं नाव शोधा: गाईडचं नाव कायम मधेच सापडतंय का? ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जगभरच्या रोगांच्या अभ्यासासारख्या पेपरात शेकडो लेखक असतात आणि सायटेशन्स हजारोंनी. असे दोन-चार पेपर एकूण सायटेशन्स कुठल्या कुठे नेतात, पण तुमच्या प्रबंधाला त्यांचा काय उपयोग?

विषय वेगळे असतील, म्हणजे एक गाईड कर्करोगावर आणि दुसरा कुष्ठरोगावर काम करणारा, तर एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे संकेतस्थळ उघडा. ते पबमेडमधल्या पेपरची त्याच्याच क्षेत्राशी तुलना करतं. तिथला रिलेटिव्ह सायटेशन रेशो हा आकडा 1 म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या त्या क्षेत्रातल्या साधारण पेपरइतका प्रभाव. लहान क्षेत्रात निष्ठेने काम करणाऱ्यांना इथे न्याय मिळतो.

तरीही सायटेशन्स उशिरा येतात, हे विसरू नका. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये नेचरमध्ये पटकीच्या जंतूचं विष दाखवून दिलं, पण त्या कामाची म्हणावी तशी दखल कितीतरी वर्षं घेतली गेली नाही. त्यावर 1986 मध्ये सविस्तर लिहिलं ते सायटेशन मोजण्याची पद्धत रुजवणाऱ्या गारफील्ड यांनीच. डे तोवर हयात नव्हते.

रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरच्या यादीतही दोन्ही नावं घालून बघा. पेपर मागे घेतलेला दिसला तर कारण वाचा. प्रामाणिक चूक स्वतःहून सांगणारा गाईड मला चालेल, पेपरातल्या चित्रांत फेरफार करणारा नाही.

मग वहीत उतरवलेल्या पहिल्या नावांपैकी दोघातिघांना मेल करा. लिहिलेला मसुदा गाईडकडून वाचून परत यायला किती महिने लागायचे, एवढंच विचारा.