हर्मन मेलव्हिलचे कथात्म गद्य तीन खंडांत: काही महिन्यांच्या वाचनानंतर

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी कादंबरीकार मेलव्हिल याचे कथात्म गद्य तीन खंडांत एकत्र देणारा एक अमेरिकी संच गेले काही महिने माझ्या रोजच्या वाचनात आहे. कागद पातळ असूनही मागच्या पानाची अक्षरे डोकावत नाहीत आणि शिवण अजून पक्की आहे; बांधणीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही. संच घ्यावा तो मजकूर प्रकाशनक्रमाने लावला आहे म्हणून. त्या क्रमाने वाचले, की देवमाशाच्या शिकारीवरच्या ‘मोबी-डिक’ या कादंबरीला कोणी विचारले नाही आणि लेखक तिथेच संपला, ही रूढ कहाणी फार ढोबळ वाटू लागते.

घसरण त्याआधीच सुरू झाली होती. ‘टायपी’ (१८४६) आणि ‘ओमू’ (१८४७) यांनी मिळवून दिलेले नाव ‘मार्डी’ने १८४९ मध्ये बरेचसे घालवले, कारण समुद्रप्रवासाच्या गोष्टी ऐकायला आलेल्या वाचकापुढे त्याने तत्त्वचर्चा मांडली. त्याच उन्हाळ्यात त्याने ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट-जॅकेट’ झपाट्याने लिहून हातावेगळी केली आणि सासरे लेम्युएल शॉ यांना कळवले, की इतर लोक लाकडे कापतात तशी ही दोन कामे आपण पैशासाठी केली आहेत. लेखकाचे हे मत मला मान्य नाही. ‘रेडबर्न’मध्ये लिव्हरपूलच्या एका तळघरात एक बाई मुलांसह उपाशी मरत असते, पोरसवदा नायक पोलिसापासून सगळ्यांकडे मदत मागतो, कोणी दाद देत नाही, आणि शेवटी तो परत येतो तेव्हा त्या जागी कळीच्या चुन्याचा ढीग चकाकत असतो. पोटासाठी उरकलेल्या लेखनात असे प्रकरण सहसा सापडत नाही.

‘मोबी-डिक’च्या वाट्याला दुर्दैवही आले. १८५१ मध्ये लंडनची आवृत्ती आधी निघाली आणि तिच्यातून उपसंहार गळला. निवेदक जिवंत कसा राहिला हे त्याच उपसंहारात असल्यामुळे, सगळे बुडाल्यावर ही हकिकत सांगतो कोण, असा प्रश्न तिकडच्या काही समीक्षकांनी केला. लेखकाच्या हयातीत पुस्तकाच्या जेमतेम तीन हजारांवर प्रती खपल्या. पुढच्या वर्षीच्या ‘पिअर’नंतर तर एका वृत्तपत्राने त्याला वेडाच ठरवले.

तिसऱ्या खंडात मी सर्वाधिक रमलो. मासिकाला पानामागे पाच डॉलर दराने लिहिताना मेलव्हिलचा फाफटपसारा गळून पडतो. ‘बार्टलबी’मधला नकलनवीस भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीशी बसून एकेक काम शांतपणे नाकारत जातो, आणि त्याला कामावर ठेवणारा सुस्वभावी वकील हतबल होतो, इतक्या मोजक्या सामग्रीवर त्याने आधी काहीच उभे केले नव्हते. ही कथा १८५३ ची, म्हणजे बाजाराने पाठ फिरवल्यानंतरची.

संचाचा खरा दोष असा, की त्यात कविता नाहीत. त्यामुळे १८५७ च्या ‘द कॉन्फिडन्स-मॅन’नंतर, मरणोत्तर छापलेली ‘बिली बड’ येईपर्यंत, लेखक गप्प बसला होता असा समज होतो. प्रत्यक्षात १८६६ पासून एकोणीस वर्षे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात, आरंभी दिवसाला चार डॉलरवर, निरीक्षकाची नोकरी करताना त्याने सुमारे अठरा हजार ओळींचे ‘क्लॅरेल’ हे दीर्घकाव्य रचले. ते १८७६ मध्ये मामांच्या पैशाने छापले गेले. शेवटचे दोन संग्रह तर त्याने अवघ्या पंचवीस-पंचवीस प्रतींचे, खासगीरीत्या काढले. तेव्हा कवितांचा खंड वेगळा घ्यावा लागतो, आणि खर्चाचा अंदाज बांधताना तो आधीच धरलेला बरा.