मौंजारोचं पेन, सात महिन्यांनंतर

मौंजारो म्हणजे मधुमेह आणि वजनासाठीचं टिर्झेपेटाइड, पेनमधून स्वतःच टोचायचं इंजेक्शन. पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. हा डोस पोटाला सवय लागण्यापुरता असतो. काटा हलला नाही म्हणून डॉक्टरांकडे लगेच वाढवून मागू नये. मग 5, आणि गरज पडली तरच निदान चार-चार आठवड्यांनी अडीचने वर, जास्तीत जास्त 15.

या पेनला क्विकपेन म्हणतात, एकात चार डोस. दर वेळी नवी सुई. आधी दोन क्लिक फिरवून थेंब येतो का पाहायचं, मग खिडकीत 1 दिसेपर्यंत फिरवायचं. टोचून बटण पूर्ण दाबलं की पाचपर्यंत सावकाश मोजायचं. घाईने सुई ओढली की औषध कातडीवरच सांडतं. सुई पेनलाच राहिली तर गळतं किंवा हवा शिरते. चौथ्या डोसनंतर आत थोडं उरलेलं दिसतं. किंमत आठवून जीव तुटतो, पण ते टाकायचंच.

फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश. बाहेर 30 दिवस चालतं, पण 30 अंशांच्या आत, आणि मे महिन्यातली मडगावची दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. फ्रीझरला टेकवूनही ठेवू नये, गोठलेलं पेन वितळलं तरी बाद.

औषधाने जठर सावकाश रिकामं होतं, सुरुवातीला जास्तच. म्हणून डोस वाढवला की दोन-तीन दिवस रव्यात तळलेली सुंगटं (कोळंबी) आणि चोरीस-पाव (गोव्याचं मसालेदार सॉसेज आणि पाव) बंद. उकड्या तांदळाची पेज बरी. एरवी ताटात आधी मासा संपवावा, भात मागाहून, कारण अर्ध्यातच पोट भरतं.

खरी गफलत वेगळीच. भूक नाही म्हणून जेवण टळतं आणि चहाबरोबर बिस्किटं, चिप्स मात्र आत जातात. फार चावावं न लागणारं हे खाणं भरल्या पोटीही उतरतं. आहार-संशोधक केविन हॉल यांच्या 2019 च्या अमेरिकेतल्या प्रयोगात 20 जणांनी अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या होत्या. पेनवर असताना कॅलरी कमीच जातात, पण त्या अशा भरल्या तर प्रथिनं खायची राहून जातात आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा अंडी, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), चवळीचं तोणाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) ठरवून खावं लागतं. बद्धकोष्ठ होऊ शकतं, पाणी वाढवावं.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं. पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी पोटदुखी झाली तर पुढचा डोस न घेता थेट इस्पितळ. डोस चुकला तर चार दिवसांच्या आत घ्यावा, नाहीतर सोडून पुढच्या ठरलेल्या वारी.